सगळ्यात मोठं हिरवं बटण

जानेफळ, ता. मेहकर
४ फेब्रुवारी २०२४

चि. धम्मशीला,

जयभीम. गुडघा कसा आहे ते कळव, पण चार ओळींत. मागच्या वेळी ऑपरेशनचं वर्णन तू दोन पानं केलंस आणि मला जेवण गेलं नाही.

फोन का केला नाही म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. कानाचं यंत्र लावूनही मला समोरच्याचं निम्मंच ऐकू येतं, आणि माझं बोलणं मात्र गल्लीच्या टोकापर्यंत जातं. हे प्रकरण गल्लीला ऐकवण्यासारखं नाही.

आपल्या बैठकीतल्या संगणकाला घाण लागली आहे. चालू केला की पाच मिनिटांत कोपऱ्यातून चौकटी उड्या मारू लागतात. पोट कमी करा, केस उगवा, बक्षीस लागलं. इथवर मी समजू शकतो, जगात मूर्ख पुष्कळ आहेत. पण त्यानंतर जे येतं ते भावानं बहिणीला लिहू नये असं आहे. ‘तुमच्या जवळचे तरुण तुमच्याशी बोलायला उत्सुक आहेत.’ खाली त्या तरुणांचे फोटो, अंगात सदरे नाहीत. परवा शेजारच्या सिंधूताई लाइटबिल छापून घ्यायला आल्या होत्या. बिल राहिलं बाजूला, पडद्यावर तीन उघडेबंब पैलवान, आणि वर ढणढण गाणं. सिंधूताईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, “गुरुजी, बिलाचं उद्या पाहू.”

आता हे कोणी आणलं, हे सांगायला ज्योतिषी नको. संगणकावर घरात दोनच माणसं बसतात. मी, आणि तुझी लाडकी भाची पायल. मी शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर टाइप करतो. जो माणूस जे पाहतो त्याच्याच जाहिराती त्याला दाखवल्या जातात, हे मी पेपरात वाचलं आहे. बासष्टाव्या वर्षी मी तरुणांशी गप्पा मारायला उत्सुक नाही. मग राहिलं कोण?

विचारलं तर पोरगी मलाच म्हणते, “बाबा, तुमीच काहीतरी दाबलं असन. द्या इकडं, दहा मिन्टात काढून देतो.” चोराच्या उलट्या बोंबा. कीबोर्ड काढून मी कपाटात कुलूपबंद केला आहे, तिचा मोबाइलही. नागपूरला एमसीए करायचं तिच्या मनात आहे. प्रवेश परीक्षेचा फॉर्म १५ मार्चपर्यंत भरायचा आहे म्हणे. तो भरला जाणार नाही. डोणगावच्या गुलाबरावांचा मुलगा गजेंद्र, खत-बियाण्यांचं दुकान आहे, घर चांगलं आहे. ३ मार्चला ते मुलगी पाहायला येतील. तुझी वहिनी बेबी दोन दिवस माझ्याशी बोलत नाही, तेवढीच घरात शांतता.

तुला लिहिण्याचं कारण एवढंच. पाहुणे येण्याआधी ही घाण काढायची आहे आणि पायलच्या हाती यंत्र द्यायचं नाही. तू तीस वर्षं नांदुऱ्यात टायपिंगचे क्लास चालवतेस. हल्ली संगणकही शिकवतेस असं ऐकतो. त्यात काही तथ्य असेल तर कळव.

तुझा भाऊ,
पंजाबराव


नांदुरा
९ फेब्रुवारी २०२४

ती. भाऊ,

सविनय जयभीम. गुडघा बरा आहे. झाली एक ओळ, उरलेल्या तीन तुम्हाला माफ.

तुमचं पत्र क्लासमधल्या मुलींना वाचून दाखवलं नाही, एवढे उपकार माना. स्टेशनसमोरच्या या खोलीत मी हजारभर पोरींना बोटं चालवायला शिकवलं. त्यातली एकही तुमच्याइतक्या झटपट निकालाला पोचली नसती. पेपरातलं अर्धं वाचून उरलेलं अर्धं स्वतः बनवायचं, ही तुमची जुनी खोड. आई म्हणायची, पंजाब पुस्तकाची पाठच वाचतो.

नीट ऐका, म्हणजे वाचा. माणसाच्या आवडीप्रमाणे जाहिराती येतात, त्या तो उघडतो त्या पानाच्या आत येतात. तुमच्याकडे कोपऱ्यातून उड्या मारतात, काही उघडलेलं नसतानाही येतात. याचा अर्थ यंत्राच्या आत कोणीतरी एक आगंतुक प्रोग्रॅम आणून बसवला आहे. तो कोणालाही काहीही दाखवतो. त्याच्यापुढे पायल बसली काय, तुम्ही बसलात काय, आणि सिंधूताईंची म्हैस बसली काय, पैलवान तेच.

तेव्हा पहिलं काम. कीबोर्ड तुमच्या बहादुरीनं कपाटात आहे, तो राहू द्या, या कामाला माउस पुरतो. सेटिंग्ज उघडा, त्यात ॲप्स असं लिहिलेलं दिसेल. तिथे यंत्रात बसवलेल्या सगळ्या प्रोग्रॅमांची यादी येते आणि प्रत्येकापुढे तो कधी बसवला ती तारीख असते. ती यादी तारखेच्या क्रमानं लावा आणि नावं तारखांसकट कागदावर उतरवून मला पाठवा. जशीच्या तशी. काहीही काढू नका, अक्कल लावू नका. तुमचं अक्षर सुंदर आहे, त्याचाच उपयोग करा.

पडद्यावर ‘तुमच्या संगणकात तेरा विषाणू सापडले, या नंबरवर ताबडतोब फोन करा’ असं आलं तर करू नका. ते तेरा विषाणू म्हणजे फोन उचलणारी माणसंच असतात.

पोरीचा मोबाइल तरी परत द्या. तिनं काय केलं ते अजून ठरलेलं नाही, आणि तुम्ही शिक्षा सुनावून मोकळे झालात.

धम्मशीला


जानेफळ
१४ फेब्रुवारी २०२४

चि. धम्मशीला,

तुझं उपदेशामृत पोचलं. चौतीस वर्षं नोकरी केली, शिक्षणाधिकाऱ्यांनीही माझ्याशी या सुरात बोलायची हिंमत केली नव्हती.

यादी सोबत जोडली आहे. पाच नावं एकाच दिवसाची आहेत, २१-१-२०२४. फॉन्ट कन्व्हर्टर प्रो, सर्च हेल्पर, कूपन साथी, टर्बो क्लीनर, वेदर बार. बाकीची जुनी आहेत, २०२२ मधली, मागच्या बाजूला लिहिली आहेत. एक मात्र यादीत सापडणार नाही. पायथन नावाचं काहीतरी होतं, गेल्या ऑगस्टमधलं. पायथन म्हणजे अजगर, एवढं इंग्रजी मला येतं. अशा नावाची वस्तू सभ्य माणसाच्या घरात कशाला? ते मी उडवून टाकलं. तू काही काढू नका म्हणाली होतीस, पण समोर साप दिसल्यावर माणूस पंचायतीचा ठराव येईपर्यंत थांबत नाही. पायलला सांगितलं तर ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. वर्मी घाव बसला की माणसं अशीच पाहतात.

त्या नंबरवर मी तुझं पत्र येण्याआधीच फोन केला होता, ते आता सांगून टाकतो. एक बाई हिंदीत काहीतरी सांगत होती. मी तिला चारदा “जोरानं बोला” म्हटलं. शेवटी तिनंच फोन ठेवला. अशा लोकांच्या चिकाटीचं तू मला भय दाखवतेस.

मी कोणाला अंधारात ठेवत नाही. गुलाबरावांच्या घरी जाऊन मी स्पष्ट सांगून आलो, मुलगी संगणकावर नको त्या गोष्टी पाहताना सापडली आहे, म्हणून लवकर उरकायचं आहे. लग्नानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. सिंधूताईंनाही सांगितलं, कारण पैलवान त्यांनी पाहिले होते आणि त्यांचा माझ्याबद्दल गैरसमज व्हायला नको होता.

मोबाइल परत देण्याचा प्रश्नच येत नाही.

पंजाबराव


नांदुरा
१९ फेब्रुवारी २०२४

ती. भाऊ,

तुमची यादी वाचली, आणि पुन्हा वाचली. अक्षर मोत्यासारखं आहे, त्याबद्दल वाद नाही.

आता मला एक सांगा, गुरुजी. २१ जानेवारी, रविवार. त्या दिवशी पायल कुठे होती?

तुम्हाला आठवणार नाही, कारण तुम्ही माझ्या ऑपरेशनला आला नव्हता. स्मरणिकेचं काम होतं. पायल आली होती. १७ तारखेला आली आणि २८ला परत गेली. २१ तारखेला ती माझ्या उशाशी बसली होती. सकाळी मला धरून संडासापर्यंत नेलं, दुपारी माझं डोकं धुतलं, क्लासच्या पोरींची हजेरीही तिनंच घेतली. नांदुऱ्यात बसून जानेफळच्या यंत्रात पाच प्रोग्रॅम बसवण्याइतके तिचे हात लांब नाहीत.

त्या दिवशी तुमच्या घरात संगणकावर बसणारं माणूस एकच होतं. यादीत पहिलं नाव फॉन्ट कन्व्हर्टरचं आहे. बेबीवहिनी फॉन्ट बदलत नाहीत. तुम्ही स्मरणिका जुन्या फॉन्टात टाइप केली असणार, छापखान्यानं दुसऱ्या फॉन्टात मागितली असणार, आणि तुम्ही फुकटचा कन्व्हर्टर शोधायला गेला असणार. मला कसं कळलं? दर आठवड्याला माझ्याकडे असा एक तरी शहाणा येतो. त्या पानावर डाउनलोडची चार-पाच बटणं असतात. खरं असतं ते कोपऱ्यात, बारीक. सगळ्यात मोठं, हिरवं, चकाकणारं असतं ते जाहिरातवाल्यांचं. तुम्ही कोणतं दाबलंत ते विचारत नाही. तुम्ही आयुष्यभर जे मोठं दिसेल त्यालाच खरं मानत आलात.

आणि वड्याचं तेल वांग्यावर काढलंत. साप म्हणून जे मारलंत ना, तो पोरीचा अभ्यास होता. पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहितात, तिच्या कॉलेजात तोच शिकवतात. तो पुन्हा बसवता येतो. डोणगावात जे बोलून आलात ते परत घेता येतं का, ते तुम्ही बघा.

घाण काढायची असेल तर यादीतली ती पाच नावं एकेक करून अनइन्स्टॉल करा. काढताना ती गयावया करतील, ‘खरंच जाऊ का’, ‘राहू द्या ना’ म्हणतील, त्यांना भीक घालू नका. मग इंटरनेटच्या खिडकीच्या सेटिंगमध्ये जा. ज्या साइटींना सूचना पाठवायला परवानगी दिलेली दिसेल, ती काढून घ्या. एक्स्टेंशन म्हणून जे ओळखीचं नसेल तेही काढा. शेवटी विंडोजचं स्वतःचं अँटिव्हायरस लावून पूर्ण तपासणी करा. साफसफाईसाठी आणखी कोणताही फुकटचा क्लीनर आणायचा नाही, तुमच्याकडचा टर्बो क्लीनर हा त्याच टोळीतला आहे.

किंवा कपाटाचं कुलूप काढा आणि पायलला बसू द्या. तिनं तुम्हाला पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतं.

धम्मशीला


जानेफळ
२३ फेब्रुवारी २०२४

धम्मशीला,

यंत्राच्या साक्षीवर मी निकाल देत नाही. लाइट गेली की घड्याळं चुकतात, तारखा मागेपुढे होतात. कन्व्हर्टर मी घेतला होता हे खरं. तो चाललाच नाही, म्हणून वैतागून आठवडाभर मी संगणक लावलाही नव्हता. उरलेली चार नावं माझ्या माहितीची नाहीत. मी एक मागितलं होतं. न मागता चार वस्तू कोण देतं? बाजारात कोथिंबीरसुद्धा हल्ली वर देत नाहीत.

पाहुणे ३ तारखेला येतील. तू आपला गुडघा सांभाळ.

पंजाबराव


नांदुरा
२७ फेब्रुवारी २०२४

ती. भाऊ,

ठीक आहे. मीही ३ तारखेला येते. कुबडी घेऊन एसटीत चढेन, कंडक्टर हात देईल. पाहुणे बसले की तुमची यादी मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचीन. २१ तारीख तुमच्याच मोत्यासारख्या अक्षरात आहे, यंत्राची साक्ष लागणार नाही. त्यानंतर पायलला घेऊन मी नांदुऱ्याला परत येईन. फॉर्म माझ्या क्लासमध्ये भरू. बेबीवहिनींनाही विचारेन. तुमच्याजवळ राहायला त्यांच्यापाशी काही कारण उरलं असेल तर त्या राहतील.

हे टाळायचं असेल तर एकच काम करा. माझं ऐकू नका, पायलचं ऐकू नका. ज्या पानावरून कन्व्हर्टर घेतला ते पान स्वतः पुन्हा उघडा आणि या वेळी प्रत्येक अक्षर वाचा. वाचायला तर तुम्हाला येतंच.

धम्मशीला


जानेफळ
९ मार्च २०२४

चि. धम्मशीला,

तुझी एसटीची खेप वाचली. पाहुणे येणार नाहीत, तू निघू नकोस, हे बेबीनं तुला २ तारखेलाच फोनवर सांगितलं. का आले नाहीत ते तिलाही माहीत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

१ तारखेला दुपारी तुझं पत्र आलं. तुला खोटं पाडायच्या इराद्यानंच मी कीबोर्ड काढला, संगणक लावला आणि ते पान उघडलं. हिरवं बटण होतं. मी तेच दाबलं होतं, लगेच आठवलं. पुन्हा तेच दाबलं, मग एकेक चौकट येत गेली. इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलेलं, आणि खाली ‘आय ॲग्री’. त्यानंतर ‘नेक्स्ट’. प्रत्येक पानावर एक लहान चौकोन, त्यात बरोबरची खूण आधीच केलेली. कूपन साथी हवा का? खूण आहे. वेदर बार हवा का? खूण आहे. वाचून खूण काढली तर काही येत नाही. मी वाचलं नव्हतं.

तुला सांगतो काय झालं असेल. मुख्याध्यापकाच्या खुर्चीत असताना रोज सकाळी शिपाई माझ्या टेबलावर कागदांचा गठ्ठा आणून ठेवी आणि मी चहा संपायच्या आत सगळ्यांवर सह्या करी. परिपत्रक, रजेचा अर्ज, खडूची मागणी. वाचत बसलो असतो तर शाळा कधी भरली असती? समोर आलेल्या कागदाला मी कधी नाही म्हटलं नाही. त्या यंत्रानं पाच कागद पुढे केले आणि मी पाच सह्या केल्या. शेवटी त्यानं विचारलं, सूचना पाठवू का? त्यालाही मी हो म्हटलं. त्या वेळी मला वाटलंही होतं की हे यंत्र शिपायापेक्षा अदबीनं विचारतं.

दुसऱ्यांदा मात्र मी तिथेच थांबलो, सगळं बंद केलं आणि पायलला हाक मारली. ती येऊन बसली. तिला अकरा मिनिटं लागली, मी घड्याळ लावून पाहिलं. तुझ्या पत्रातल्यासारखंच सगळं केलं, वर आपला अजगरही परत आणला. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. उठताना मी म्हटलं, “पायल, चूक माझी होती.”

ती म्हणाली, “मले नका सांगू बाबा. ज्यायले सांगतलं होतं त्यायले सांगा.”

मोबाइल मी तिच्या हातात दिला. तिनं तो आधी पदरानं पुसायला आईकडे दिला. मग घेतला.

सिंधूताईंकडे त्याच संध्याकाळी गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मले तवाच वाटलं होतं गुरुजी, पोरीनं आनलं असतं त तिनं आवाज बंद ठिवला असता.” एवढी साधी गोष्ट त्या बाईच्या लक्षात आली होती आणि ती महिनाभर गप्प राहिली, कारण मी गुरुजी.

२ तारखेला सकाळच्या गाडीनं डोणगावला गेलो. गुलाबराव दुकानात होते, त्यांच्या घरधनीण पुष्पाबाई आत शेंगा निवडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. घाण मी आणली, मुलीचा काही संबंध नाही, मुलगी गुणी आहे. बोलताना आवाज फार चढला असावा, कारण दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर जाऊन उभं राहिलं. गुलाबराव खाली पाहून पावतीपुस्तक चाळत बसले. बोलल्या त्या पुष्पाबाई.

“गुरुजी, आमी उद्या येनारच नवतो. निरोप धाडनारच होतो. तुमी त्या दिशी पोरीचं सांगून गेले ना, तवाच म्या मालकायले म्हटलं, ही सोयरीक नको.”

मी म्हटलं, “पण आता खरं कळलं ना. मुलगी निर्दोष आहे.”

“पोरीत खोट हाय म्हनून नाही म्हटलं काय आमी? पोरीचं तवाही खरं वाटलं नवतं. पन उद्या आमच्या घरी काही इकडचं तिकडं झालं, अन् कोनी तिच्यावर आळ घेतला, त ती कोनाकडं पाहीन? बापच पह्यल्यांदा म्हनन, हो, तिनंच केलं असन. मांगं कोनी नसलेली पोरगी घरात आनायची म्हंजे आमाले बी पाप लागते.”

मला चहा दिला. मी प्यायलो. इतकी वर्षं मी लोकांच्या पोरांना नापास केलं, आईबापांना शाळेत बोलावून सुनावलं, एकदाही कोणाच्या घरी जाऊन बसलो नाही. शेंगा निवडणारी ती बाई मला एका वाक्यात सुनावून पुन्हा कामाला लागली. तिला माझी कीव आली असती तरी बरं होतं. तिला माझी कीवसुद्धा आली नाही.

परत येताना एसटीत मी ठरवलं होतं की हे घरी सांगायचं नाही. पाहुण्यांना अडचण आली म्हणायचं आणि विषय मिटवायचा. आठ दिवस तसंच केलं. आज हे पत्र लिहायला बसलो आणि लिहिता लिहिता सगळं लिहून झालं. तोंडानं सांगणं मला जमणार नाही. मी बोललो की ओरडल्यासारखं होतं, आणि ही गोष्ट ओरडून सांगायची नाही. म्हणून हे पत्र पाकीट न चिकटवता पायलकडेच टपालात टाकायला देत आहे. तिला सांगितलं आहे की वाचून टाक. खाली जागा कोरी ठेवली आहे.

तुझा,
पंजाबराव


आत्या, वाचलं.

फॉर्म परवाच भरला. परीक्षेला केंद्र नागपूर मागितलं आहे. बाबा म्हणाले, मी सोबत येतो, तुला एकटीला कळणार नाही. मी म्हटलं, आई येणार आहे.

ते अजून बाहेर ओट्यावर बसले आहेत. पाकीट चिकटवून टाकायला जाते.

पायल